प्रयोगशाळेतलं हळदीकुंकू

सुहासिनी आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला आली आणि माझ्या वर्गातल्या मुली गळायला लागल्या. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार मी तेव्हाच पोटभर करून घेतली, मुख्याध्यापिकांपुढे, स्टाफरूममध्ये, आणि एकदा तर लहरीपुऱ्याच्या भर बाजारात, तिच्या लुनाचं हँडल धरून. "माझ्या मुली पळवतेस, लाज नाही वाटत?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "अगं, रस्ता सोड, मागे हातगाडीवाला शिव्या देतोय." भांडायला उभं राहिलं की ही बाई समोर उभीच राहत नसे, हा तिचा मोठा दोष.

मी कमला. होम सायन्सची कमलाबेन. लहरीपुरा दरवाजाच्या आतल्या बाजूला आमची मुलींची शाळा. माध्यम गुजराती, पण निम्म्या मुली घरी मराठी बोलणाऱ्या, त्यामुळे मधल्या सुट्टीत जी भाषा ऐकू यायची तिला नाव नव्हतं. त्या मराठीत गुजराती 'ने' घुसायचा, कधी 'आणि' म्हणून, कधी 'ना' म्हणून. बडोद्यात आम्ही सगळेच ती बोलतो आणि पाहुणे पुण्याहून आले की तेवढ्यापुरते सरळ बोलतो. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगण्यासारखी नाहीत आणि फारशी मजेचीही नाहीत. शिकवायची मात्र मी मनापासून. दूध का नासतं, डाळीत हिंग का घालतात, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात का आटतो, हे शास्त्र नाही तर काय आहे? पण लोक म्हणायचे, होम सायन्स म्हणजे लग्नाची तयारी, आणि हुशार मुलींच्या बापांना तेच हवं असायचं. माझा वर्ग भरलेला असे तो माझ्यामुळे की त्या बापांमुळे, हा प्रश्न मी स्वतःला फार विचारत नसे.

सुहासिनी तो मला विचारायची, तोंडावर. तिचे आजे-पणजे संस्थानच्या काळातले अंमलदार आणि शास्त्री, घरात पुस्तकांची कपाटं, त्यामुळे तिला वाटेल ते विचारायची सवय. राहायची वासण्याला, नव्या सोसायटीत. नवरा लक्ष्मीकांत बँकेत, स्वभावाने गरीब. मुलगी इरा. सगळ्या शहरातल्या मुलींना सायन्सला ढकलणाऱ्या या बाईच्या पोटच्या पोरीने बारावीनंतर चित्रकला घेतली आणि दिवसभर कॅनव्हासपुढे बसू लागली. लक्ष्मीकांतराव म्हणायचे, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." सुहासिनी हसायची. "अंधार कुठाय? सगळ्या घरभर रंग सांडलेत." तिला खरंच वाईट वाटलं नव्हतं. मी नीट बघितलं होतं, वाईट वाटलं असतं तर मला कळलं असतं.

अकरावीला सायन्स घेतलं की दोन वाटा फुटायच्या. ए ग्रुप गणिताचा, बी ग्रुप जीवशास्त्राचा. मुली बी ग्रुपला जायच्या. गणित मुलग्यांचं, असं कुणी फळ्यावर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. आमच्या शाळेत तर ए ग्रुप नव्हताच. सुहासिनीने तो भांडून आणला. त्या वर्गात सुरुवातीला इतक्या थोड्या मुली असायच्या की एका बाकावरच्या मुलीला सर्दी झाली की सगळ्या वर्गाला व्हायची.

तिची शिकवायची एक रीत होती, ती मात्र सांगायलाच हवी. प्रयोग दोघी-दोघींनी करायचा असतो. एकीने उपकरण हाताळायचं, दुसरीने आकडे लिहून घ्यायचे. पहिल्याच दिवशी सुहासिनी सगळ्यांची अक्षरं बघायची आणि फर्मान काढायची, "जिचं अक्षर सुंदर, तिने दिवाळीपर्यंत पेनाला हात लावायचा नाही." मुली रडकुंडीला यायच्या. शाळेत आठ-दहा वर्षं ज्या अक्षरासाठी शाबासकी मिळवली, त्यालाच बंदी! पण यामागे तिची स्वतःची खोल जखम होती. कॉलेजात तिच्या जोडीला एक मुलगा असायचा. बिचारा सज्जन होता. म्हणायचा, तुझं अक्षर किती छान, तू लिही, मी करतो. तीन वर्षं त्याने केलं आणि हिने लिहिलं. शेवटच्या परीक्षेत एकटीला उपकरणापुढे उभं केलं तेव्हा कुठला स्क्रू कुठे फिरवायचा हे हिच्या हातांना माहीतच नव्हतं. डोक्याला माहीत होतं, हातांना नाही. परीक्षकांनी जर्नलची तारीफ केली आणि मार्क हातांचे दिले. "कुणी माझं वाईट केलं नाही, कमला," ती म्हणायची. "सगळ्यांनी कौतुकच केलं. त्या कौतुकानेच घात केला."

तेव्हापासून हिच्या वर्गातली जर्नलं म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून नाचावी तशी. बाहेरून आलेले परीक्षक नाक मुरडायचे. ही म्हणायची, "साहेब, अक्षर नका बघू, हात बघा." आणि हात बघण्यासारखे असायचे, हे मलाही कबूल करावं लागतं. तिच्या मुली घरी जाऊन उडालेला फ्यूज बसवायच्या. ते मीही शिकवायचे, चित्र काढून. त्या खुर्चीवर चढून बसवायच्या.

तरी दर जूनमध्ये तेच व्हायचं. दहावीच्या वर्गात वर्षभर जिच्या डोळ्यांत चमक बघितली, ती मुलगी निकालानंतर मान खाली घालून अकरावीच्या प्रवेशाला माझ्या टेबलापुढे यायची. होम सायन्स. नाहीतर कॉमर्स. सुहासिनी धुमसायची. "मी वर्गात भाजून पक्की करते आणि घरी जाऊन पोरी पुन्हा कच्च्या होऊन येतात." मी म्हटलं, "घरी कोण ठरवतं ते तुला माहीत आहे का? तू पालकसभेला बापांपुढे भाषण देतेस. बाप मान हलवून जातो आणि रात्री जेवताना बायकोला विचारतो, काय करायचं? तिने कधी तुझी प्रयोगशाळा बघितलीय?" हे मी सहज बोलले. दुसऱ्याच्या डोक्यात किडा सोडायला मला आवडतं, तो चावेल असं वाटलं नव्हतं.

पण चावला. सुहासिनीने फार विचार केला. आयांना पालकसभेला बोलावलं तर स्वयंपाक आडवा येतो. हळदीकुंकवाला बोलावलं तर त्या स्वयंपाक टाकून येतात. मग चैत्रातलं हळदीकुंकू प्रयोगशाळेतच का नको? दहावीच्या परीक्षा झालेल्या असतात, निकाल यायचा असतो, घरोघरी बेत चाललेले असतात, हीच तर वेळ. पंच्याण्णव साली तिने ते पहिल्यांदा केलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, शाळेत असलं काही? ती म्हणाली, "डाळ आणि पन्हं आहे बेन, बॉम्ब नाही." निमंत्रणं शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढली, वर ठसठशीत "अ. सौ." आणि पुढे नावापुरती मोकळी जागा. मुलींनीच ती घरोघर पोचवली.

डाळ आणि पन्हं माझ्याकडे आलं, हे ओघानेच आलं. पन्हं बीकरमधून द्यायची तिची टूम मी हाणून पाडली. "ज्यात तेजाब ओतलंस त्यात कैरी?" "अगं, धुतलेत." "धू, नाहीतर गंगेत बुडवून आण. माझं पन्हं पेल्यातूनच जाईल." यावर आमचं दोन दिवस बोलणं नव्हतं, म्हणजे ती बोलत होती आणि मी ऐकत नव्हते.

तो दिवस मात्र छान झाला. आया आल्या, मराठी आल्या, गुजराती आल्या, साड्या नेसून, गजरे माळून, प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून. हळदीकुंकू लावून झाल्यावर सुहासिनीने टेबलावर हळदीचं पाणी ठेवलं आणि म्हणाली, "आता जरा चुना टाका." प्रयोग करून दाखवायला तिने भक्तीला उभं केलं होतं. भक्ती म्हणजे त्या वर्षी दहावीला बसलेली, बुटकी, दोन वेण्यांची, गणितात अशी की बोर्डावरचं उदाहरण संपायच्या आत हिचं उत्तर तयार. भक्तीने चुना टाकला, पाणी लालभडक झालं. बायका हसल्या, हे काय नवीन, कुंकू तसंच तर करायचे पूर्वी. "बरोबर," भक्ती म्हणाली आणि वर लिंबू पिळलं. पाणी परत पिवळं. आता मात्र बायका पुढे सरकल्या. एका गुजराती आईने विचारलं, "धुण्याचा सोडा टाकला तर काय होईल?" सुहासिनी म्हणाली, "टाका ने बेन, मला काय विचारता?" मग जे सुरू झालं ते काय सांगू. कुणी ताक टाकतंय, कुणी साबणाचा चुरा, कुणी माझं पन्हं! तासाभराने टेबल रंगपंचमी झालं होतं. जाताना एक बाई आपल्या पोरीला म्हणाली, "आम्ही शाळेत असताना असं कुणी हात लावू दिलं नाही गं." मला गहिवरून आलं. मी ते पेले विसळण्यात घालवलं.

त्या जूनमध्ये ए ग्रुपला मुलींची रांग लागली, लहानशी, पण रांग. सुहासिनी आनंदाने तरंगत होती. आणि अशा वेळी भक्तीचे वडील माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

धनाजीराव उंच, शांत, खाकी पँटीतला माणूस. वडील-आजोबा संस्थानच्या फौजेत, हे मात्र नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. भक्तीची आई ती अगदी लहान असताना गेली. पोरीला वाढवलं ते धनाजीरावांच्या थोरल्या बहिणीने, मथुराबाईंनी. त्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. भक्ती मागे उभी होती आणि जमिनीकडे बघत होती.

"बेन, भक्तीला तुमच्या होम सायन्सला घ्या," धनाजीराव म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी माझ्याकडे! झालाही थोडा, खोटं कशाला बोलू. पण तो घशाखाली उतरेना. मी म्हटलं, "धनाजीराव, हिला गणितात पैकीच्या पैकी आहेत. ए ग्रुप का नाही?"

"आक्का नाही म्हणते." त्यांच्या घरात हे वाक्य म्हणजे शेवटचा शब्द असावा.

मी दाखल्यात काहीतरी त्रुटी काढली, दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं आणि भक्तीला पाणी आणायच्या निमित्ताने आत नेलं. पोरगी रडत नव्हती, हेच मला जास्त लागलं. "आत्या का नाही म्हणते?" मी विचारलं.

"हळदीकुंकवाचं बोलावणं सगळ्यांकडे गेलं ना, बेन. आमच्या गल्लीतली मीच वाटली. आत्याने विचारलं, आपलं कुठाय? मी म्हटलं, आपल्याकडे नव्हतं दिलं. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. निकालानंतर बोलली."

मी तडक प्रयोगशाळेत गेले. सुहासिनी तारा गुंडाळत होती. मी सगळं सांगितलं तशी ती खाली बसली. तिने भक्तीच्या घरचं निमंत्रण विसरून नव्हतं गाळलं. मुद्दाम गाळलं होतं. घरात सवाष्ण नाही, मथुराबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवणं म्हणजे जखमेवर मीठ, असा तिने विचार केला होता. चांगल्या मनाने केला होता. असली चूक आमच्याच लोकांना सुचते. कुणाला दुखवायचं नाही म्हणून त्याला मोजायचंच नाही.

"तुला शास्त्र कुणी शिकवलं गं?" मी कडाडले. "सगळ्या शहराला रीत मोडायला सांगतेस आणि स्वतः कागदावर अ. सौ. छापतेस? मला मेलीला चाळिशी उलटली तरी कुमारिका म्हणून हळद लावतेस, आणि जिने पोर वाढवली तिला दार नाही?"

तिने तारा तशाच टाकल्या, पर्स उचलली. "चल," म्हणाली.

धनाजीरावांचं घर शाळेपासून चार गल्ल्या आत. दोन खोल्या, लख्ख. मथुराबाई दारातच गहू निवडत बसल्या होत्या. सुती पातळ, कपाळ मोकळं, नजर अशी की आपण काही चोरून आणलंय असं वाटावं. त्यांनी आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. पाहुणचारात तसूभर कमी केलं नाही. त्यामुळे अधिकच अवघडायला झालं.

सुहासिनीने पेला खाली ठेवला. "आक्का, माझी चूक झाली. तुम्हाला बोलावलं नाही."

"विसरलात का?"

मला वाटलं, आता ही हो म्हणेल. सोपं होतं. पण सुहासिनी म्हणाली, "नाही. मुद्दाम नाही बोलावलं. तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं."

मथुराबाईंनी सूप बाजूला सारलं. "मास्तरीणबाई, मला हळदीची हौस नाही. ती केव्हाच फिटली. गल्लीतल्या बायका नटून तुमच्याकडे गेल्या, पोरींनी काय केलं ते बघून आल्या, आणि आठवडाभर मला सांगत होत्या, तुमच्या भक्तीने असं केलं, तुमच्या भक्तीने तसं केलं. माझ्या पोरीचं कौतुक मी शेजारणींकडून ऐकलं." त्यांचा आवाज चढला नाही. "ती एवढीशी होती तेव्हापासून मी केलं तिचं. गोवरात मांडीवर घेऊन बसले. आणि तुमच्या दारात मी चालत नाही. तुमच्याकडे एवढं शास्त्र शिकून जर हेच राहतंय, तर माझ्या पोरीने ते शिकून काय मिळवायचं? मग होम सायन्सच बरं. निदान स्वयंपाक तरी येईल."

होम सायन्सबद्दल मला बोलायचं होतं, पण ती वेळ नव्हती. मी जीभ आवरली. असं क्वचित होतं.

सुहासिनीचे डोळे भरले. तिने ते पुसलेही नाहीत. "तुम्ही म्हणता ते खरं आहे," ती म्हणाली. "मी काही सांगायला नाही आले. तुम्ही एकदा या. हळदीकुंकू नाही, काही नाही. भक्ती काय करते ते बघायला या. मग नको म्हणालात तर मी परत दारात येणार नाही."

मथुराबाई उठल्या, चहा गाळला, आणि आमच्या हातात कप देताना म्हणाल्या, "राग आला होता. खूप आला होता. तो बोलून टाकला, आता गेला. माझ्या रागापायी पोरीचं नुकसान नको. घाला तिला कुठे घालायचं तिथे."

मी सुटकेचा श्वास सोडला. सुहासिनी तर उठून त्यांच्या पाया पडायला निघाली. तेवढ्यात आतल्या दाराशी उभी असलेली भक्ती म्हणाली, "आत्या हो म्हणाली तरी बाबा नाही म्हणतील."

धनाजीराव पहिली पाळी करून शाळेत येऊन गेले होते, आता आतल्या खोलीत पडलेले होते. आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं असणार, दोन खोल्यांत न ऐकण्याची सोय कुठे असते? ते बाहेर आले, भिंतीला टेकून उभे राहिले.

"काय रे धना?" मथुराबाईंनी विचारलं. "शाळेत माझं नाव सांगून आलास. मी हो म्हटलं तर तुझं काय?"

भक्तीच बोलली. "मला केमिकल इंजिनियर व्हायचंय. मी बाबांना मागच्या वर्षीच सांगितलं. तेव्हा म्हणाले, प्लांटवर बायका नसतात. मी विचारलं, का नसतात? तर म्हणाले, झोप आता. मग आत्या नाही म्हणाली, ने बाबा सुटले."

"उलट बोलू नको," धनाजीराव म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

"बरोबर विचारतेय ती," मथुराबाई म्हणाल्या. "का नसतात बायका? त्यांना कळत नाही का काम?"

"कळतं गं आक्का. कळण्याचा प्रश्न नाही."

"मग पगार देत नाहीत? वास सहन होत नाही? काय आहे ते बोल ने एकदा!"

धनाजीरावांनी आमच्याकडे पाहिलं. दोन परक्या बायका समोर बसलेल्या. त्यांचा काळासावळा चेहरा लाजेने तांबडा झाला. "संडास नाही," ते म्हणाले.

आम्हाला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली.

"बायकांसाठी संडास नाही प्लांटवर. कपडे बदलायला जागा नाही. झाडलोटीला दोघी येतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतात. मे महिन्यात, त्या उन्हात, दोघी पाणी पीत नाहीत. मी पाजायला जातो तर नको म्हणतात. मला आधी कळायचं नाही का नको म्हणतात. मग कळलं." त्यांनी भक्तीकडे बघितलं नाही. "माझी पोरगी तिथे दिवसभर तहानेली राहील, हे नाही बघवायचं मला. म्हणून नको म्हणतो. आता पोरीला हे कसं सांगायचं?"

एवढी वर्षं मी न् सुहासिनी भांडत होतो की मुलींना सायन्स नको असतं ते आईमुळे, बापामुळे, पुस्तकामुळे की आमच्यामुळे. हे कारण आमच्या दोघींच्या यादीत नव्हतं. मला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की मी उगीच चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

मथुराबाई मात्र हसल्या. आधी नुसत्या गालात, मग पदर तोंडाला लावून. "अरे धना, एवढंच? आपल्या घरी होता का संडास, मी परत आले तेव्हा? तूच बांधलास ना, विटा वाहून? संडास बांधता येतो बाबा. पोरीचं डोकं एकदा बंद पडलं की ते कुणाला उघडता येत नाही."

धनाजीराव आत गेले. भक्तीने आमचे कप उचलले. निघताना सुहासिनीने मथुराबाईंचे हात हातात घेतले आणि त्यांनी ते घेऊ दिले. वाटेत सुहासिनी लुना हातात धरून चालत होती, बसायचंही विसरली होती. "हो म्हणतील का गं ते?" ती मला विचारत होती. मला काय माहीत? मी म्हटलं, "नाही म्हणाले तर मी तिला डाळीचं रसायनशास्त्र शिकवीन, उपाशी नाही मरणार." तिला हसू आलं नाही. त्या क्षणी जगात तिला दुसरं काही नको होतं, ही एक पोरगी तेवढी हवी होती.

दोन दिवसांनी प्रवेशाच्या रांगेत धनाजीराव उभे होते. त्या दिवशी त्यांची पहिली पाळी, म्हणजे रजा टाकून आलेले. मागे भक्ती, आणि भक्तीच्या मागे, इस्त्रीचं पातळ नेसून, मथुराबाई. नंबर आला तसं सवयीने माझा हात होम सायन्सच्या गठ्ठ्याकडे गेला, मुलगी दिसली की तो तिकडेच जायचा. धनाजीरावांनी टेबलावर पंजा ठेवला.

"ते नाही बेन. ए ग्रुप. माझ्या मुलीला ए ग्रुप पाहिजे."

हे त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की अख्खी रांग वळून बघायला लागली. शेजारच्या टेबलावरून सुहासिनी उठून उभी राहिली. मथुराबाई तिला म्हणाल्या, "प्रयोगशाळा कुठेय तुमची? दाखवा." दोघी जिन्याकडे गेल्या, भक्ती त्यांच्या पुढे धावली.

माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी माझ्या हातून गेली, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी धनाजीरावांना खुर्ची दिली. म्हटलं, "मग? ती जागेची काळजी मिटली का?"

"काल मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो," ते म्हणाले. "सतरा वर्षांत पहिल्यांदा गेलो. म्हटलं, साहेब, प्लांटवर बायकांसाठी संडास बांधा. साहेब हसले. म्हणाले, धनाजीराव, आपल्याकडे बायका आहेत कुठे?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, दोन आज आहेत, त्यांच्यासाठी आधी बांधा. ने एक अजून शाळेत आहे. ती येते तोपर्यंत पाण्याचा नळही बसवून ठेवा."